अर्धी गोळी

अहो, गेलेल्या माणसाला मागची काळजी सांगू नये म्हणतात, त्याचा पाय अडकतो. अडकला तर अडकू दे. सांगायला मला दुसरं आहे कोण? तुमच्या भावाने रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या आहेत. तुमचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मला कळलं परवा, दुपारी अंगणापलीकडच्या त्यांच्या खोलीत आमटी नेऊन ठेवली तेव्हा. खिडकीच्या कट्ट्यावर गोळ्यांची पाकिटं तशीच पडलेली, वर धूळ. मी विचारलं, भावजी, हे काय? तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "दादाने इतकी वर्षं एक दिवस चुकवली नाही. काय उपयोग झाला? वेळ आली की जायचंच असतं, वहिनी."

मी आमटीवर झाकण ठेवलं आणि परत आले. 

एक दिवस चुकवली नाही, हे खरंच आहे. पण तुम्ही घेत होतात अर्धी. वर्षभर, रोज, न चुकता, अर्धी. हे तुम्हाला माहीत होतं आणि मला. आता मला एकटीलाच माहीत आहे.

परवापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दोनदा दूध उतू गेलं, भात लागला. भावजी वाडीत पाणी लावायला गेले की मी दर दहा मिनिटांनी मागच्या दारात येऊन बघते, उभे दिसतायत ना. काल पंप बंद झाला आणि बराच वेळ त्यांची चाहूल लागेना, तर मी तशीच अनवाणी केळीत धावत गेले. हा माणूस चाफ्याच्या बुंध्याशी बसून काठीने गोगलगायी काढत होता. काय झालं वहिनी, म्हणाले. कोथिंबीर हवी होती, म्हटलं. कोथिंबीर घरात होती. त्यांनी निमूटपणे काढून दिली आणि मी ती पदरात घेऊन आले. आणि पायरीवरच बसले.

भावजींना आधीच हृदयाचं दुखणं. त्यांनी गोळी बंद करणं म्हणजे काय, ते मला डॉक्टरने सांगायची गरज नाही. आणि त्यांना परत गोळीवर आणायचं तर मला एकच गोष्ट करावी लागणार. सांगावं लागणार की भावजी, तुमचा दादा गोळ्या घेऊन गेला नाही. गोळ्या वाचवून गेला.

हे वाक्य मी परवापासून पन्नास वेळा मनात म्हटलंय. ओठांवर येत नाही.

तुमच्यावर रागवू की रडू, हेच मला अजून ठरवता येत नाही. सातिवलीला दोन गाळे भाड्याने, बँकेची पेन्शन, वाडीचं येतं ते वेगळं, एकुलती एक मुलगी शलाका पुण्यात स्वतःच्या पायावर उभी. आणि हा माणूस काडेपेटीतल्या जळक्या काड्या जपून ठेवणार. एक शेगडी पेटलेली असताना दुसरीला नवी काडी कशाला, जळकीच तिच्यावर धरायची. ओट्यावर जळक्या काड्यांची वाटी असलेलं घर अख्ख्या वसईत आपलं एकच असेल. शलाकाने लायटर आणून दिला, तर तुम्ही तो खोक्यासकट कपाटात ठेवलात. वापरला तर बिघडेल म्हणालात.

स्टेशनवरून शेअर रिक्षाने येताना नाक्यावरच उतरायचं, कारण नाक्याच्या पुढे भाडं वाढतं. मग डोक्यावर ऊन, दोन्ही हातांत पिशव्या, आणि मी मागे फरफटत. एकदा मी उतरलेच नाही. तशीच बसून राहिले आणि रस्त्यात तुमच्या शेजारून भुर्रकन पुढे गेले, वर हातही केला. रिक्षावाला हसला. तुम्ही घरी आलात आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणालात काय, तर तू पुढे जाणारच होतीस तर पिशव्या तरी घ्यायच्या होत्यास.

आणि तो मिस्ड कॉल! महिन्याचे पैसे एकदा भरले की कितीही बोला, असं शलाकाने तुम्हाला चार वेळा समजावलं. तरी तुम्ही बाजारातून मिस्ड कॉलच देणार, आणि मी उलटा फोन करायचा. फुकट असलं तरी सवय बिघडते, हे तुमचं उत्तर. या भांडणाचा निकाल लागलाच नाही. माझंच बरोबर होतं, हे मी आत्ता लिहून ठेवते, म्हणजे वाद मिटला.

हे सगळं तुमच्या एकट्याच्या रक्तात होतं असंही नाही. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तुमच्या आईंनी मला सांगितलं होतं, वाडीवाल्याच्या घरात ताजं विकायचं आणि उरलेलं शिजवायचं. मी डोंबिवलीच्या दोन खोल्यांतून आलेली. आमच्याकडे बाबा केळी विकत आणायचे, पण निवडून, चांगली बघून आणायचे. इथे केळीच्या बनात राहायला आले आणि काळी पडलेली केळी खायला लागले. चांगली फणी बाजारात, डागाळलेली घरात. न तडकलेला नारळ मी आपल्या स्वयंपाकघरात सणावारीच पाहिला. सुरुवातीला मला रडू यायचं. मग हळूहळू मीही तशीच झाले. शलाका लहान असताना एकदा तिने झाडावरची पिकली फणी तोडून आणली, तर मी तिच्यावर ओरडले. तुम्ही ओटीवरून माझ्याकडे कौतुकाने बघितलंत. ते बघणं मला अजून आठवतं. आवडलं होतं मला.

पण तुमच्याबद्दल एवढंच सांगितलं तर माझी जीभ झडेल. भावजींच्या हृदयाच्या वेळी मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी आकडा सांगितला, आणि तुम्ही खुर्चीवर बसलाही नाहीत. उभ्या उभ्या चेक लिहिलात. भावजी पलंगावरून म्हणत होते, दादा, गाळा विकावा लागेल रे, माझ्यामागे ना बायको ना पोरं, कशाला एवढा खर्च. तुम्ही म्हणालात, "गाळा परत घेता येतो." आणि तीन गाळ्यांचे दोन झाले. त्याबद्दल तुम्ही पुन्हा कधी चकार शब्द काढला नाहीत, मनातही आणला नसेल. त्याच दिवशी खाली येऊन पार्किंगवाल्याशी वीस रुपयांवरून भांडलात, तेही जोरात. मी गाडीत बसून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. हा माणूस मला कळला नाही, पण हा माझा आहे, असं त्या दिवशी वाटलं. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

म्हणून तर जास्त भीती वाटते. ज्या भावाला तुम्ही गाळा विकून परत आणलंत, तो आता तुमचंच उदाहरण देऊन गोळ्या टाकून बसलाय. आणि ते उदाहरण खोटं आहे. आणि ते खोटं चालवणारी मी आहे.

गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, छान आहे, प्रेशर अगदी ताब्यात आहे, असंच चालू ठेवा. तुम्ही घरी आलात, सुपारीचा अडकित्ता काढलात आणि गोळी मधोमध कापलीत. मी विचारलं, हे काय चाललंय? तुम्ही अगदी शांतपणे सांगितलंत, जसं कुणा नवख्याला वाडीतलं काम समजावून द्यावं तसं. "झाड लागेपर्यंत खत पूर्ण. एकदा लागलं की निम्मं. नाहीतर मुळं आळशी होतात."

मी म्हटलं, तुम्ही काय केळ आहात? तुम्ही म्हणालात, पान हिरवं आहे ना, मग झालं. मी म्हटलं, निदान डॉक्टरांना विचारा. तर म्हणे, विचारायला गेलं की त्याची फी वेगळी. चार दिवस आपलं यावरून वाजलं. मी शलाकाला सांगेन म्हणाले. सांगितलं नाही. पाचव्या दिवशी मी गप्प बसले.

गप्प का बसले, ते इथे तरी खरं सांगते. घरच्या मशीनवर आकडा बरा येत होता, हे एक. त्या मशीनचे सेल तुम्ही टीव्हीच्या रिमोटमधून काढून घालायचात आणि मोजून झालं की परत रिमोटमध्ये. त्या अर्धमेल्या सेलवर मशीन काय सांगत होतं, देव जाणे. पण दुसरं कारण वेगळं आहे. मला बरं वाटलं. औषधाच्या दुकानात मी जायचे. महिन्याचं पाकीट दोन महिने पुरायला लागलं आणि जे पैसे पर्समध्ये राहिले, त्यांनी मला बरं वाटलं. किती राहिले, ते सांगायची लाज वाटते. गोळी स्वस्तातलीच होती. दोन गजरे आले असते, एवढंच. गजराही मी कधी घेतला नाही.

पुढे अडकित्त्याने गोळीचा भुगा व्हायला लागला. भुगा बोटाने टिपून खाताना बघवेना, म्हणून मी भाजीच्या सुरीने कापून द्यायला लागले. माझा हात स्थिर होता. बरोब्बर मधोमध कापायचे, आणि तुम्ही म्हणायचात, वा, तराजूत घातल्यासारखी. म्हणजे शेवटचे आठ महिने ती गोळी मी कापत होते, अहो. तुम्ही नाही.



त्या सकाळी तुम्ही चहा घेतलात, अर्धी गोळी घेतलीत आणि पंप चालू करायला गेलात. पंप चालू झाला, पण तुम्ही परत आला नाहीत. भावजींनी तुम्हाला तिथून उचलून आणलं. इस्पितळात तो डॉक्टर तरुण होता, शलाकापेक्षाही लहान वाटला. मेंदूत रक्त उतरलंय म्हणाला. मग कागदावरून मान वर करून त्याने मला विचारलं, प्रेशर एवढं वर कसं गेलं, गोळी चालू होती ना? मी म्हटलं, "हो. एक दिवस चुकली नाही."

त्याने लिहून घेतलं. पूर्ण घेत होते का, असं त्याने विचारलं नाही. कोण विचारेल? माझ्या कानांत पातळ का होईना, पण सोन्याच्या कुड्या होत्या, आणि दारात आपली गाडी उभी होती. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं का, हेही मला माहीत नाही. आणि तेव्हा खरं सांगितलं असतं तर त्याने काही वेगळं केलं असतं का, तुम्ही राहिला असतात का, हे तर मी कुणाला विचारूही शकत नाही. हा प्रश्न मी भाकरी थापताना विचारते, वाती वळताना विचारते. उत्तर दोन्हीकडून येतं.

मग तुम्ही गेलात आणि ते वाक्य सगळीकडे झालं. शलाका पुण्याहून आली आणि येणाऱ्या प्रत्येकाला रडत सांगत राहिली, बाबांनी गोळी कधी चुकवली नाही हो, तरी असं झालं. तेरा दिवस माणसं येत होती. होळी गावाहून तुमचे चुलतभाऊ आले, बँकेतले आले, गाळ्यांचे भाडेकरू आले. सगळे म्हणायचे, एवढी काळजी घेणारा माणूस, आणि बघा. मी प्रत्येकाला पाणी द्यायचे आणि मान हलवायचे. भावजी कोपऱ्यात बसून ऐकत असायचे. मला काय माहीत, ऐकून ते त्यातून हे काढतील म्हणून!

सांगितलं तर काय होईल? लोक तुमच्या काटकसरीवर तुम्ही असतानाही हसायचे, पण ते प्रेमाने. आता काय म्हणतील? दोन गाळे मागे ठेवले आणि गोळीत काटकसर केली. लग्नाच्या पंगतीत सांगायची गोष्ट होईल तुमची. भावजी तुम्हाला देवाच्या जागी मानतात, त्यांच्या मनातून तुम्ही उतराल. आणि मी? मला तर ते दारातही उभं करणार नाहीत. आणि नाही सांगितलं, तर एक दिवस पंप चालू होईल आणि तेही परत येणार नाहीत. परवापासून माझ्या डोळ्यांसमोर तेच येतंय.

इथवर लिहिलं आणि उठले. पुढचं आज पाच-सहा दिवसांनी लिहितेय.

लिहून उठले त्याच्या दुसऱ्या सकाळी भावजी त्यांच्या ओटीवर मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. मी समोर बसले आणि मीही बांधायला घेतल्या. हातात काम असलं की बोलता येतं, नाहीतर मला जमलं नसतं. खाली बघून सगळं सांगितलं. अडकित्ता, खताचं ते बोलणं, सुरी, मशीनचे सेल, सगळं. डॉक्टरला काय सांगितलं तेही. मला वाटलं होतं मध्येच ते काहीतरी म्हणतील.  त्यांनी तीन जुड्या बांधल्या, मी मोजल्या. मग म्हणाले, "इस्पितळात मी दारातच उभा होतो. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली," मी म्हटलं.

"कशाची?"

मी खरं तेच सांगितलं. "गरीब असतो तर सांगितलं असतं, भावजी. परवडत नाही म्हणून अर्धी घेत होते, असं म्हणता आलं असतं. आपल्याला काय म्हणता आलं असतं?"

त्यांनी हातातली जुडी खाली टाकली. उठले, आणि तुम्ही दोघं भाऊ आपापसात बोलायचात त्या घरच्या बोलीत काहीतरी बोलत आत गेले. इतकी वर्षं ऐकतेय ती बोली, पण मला पूर्ण कधी कळली नाही. तुम्ही दोघं माझ्याशी शाळेतल्यासारखं मराठी बोलायचात ना. पण या वेळी कळली. तुम्हाला शिव्या होत्या. मलाही असतील, पण मी तुमच्या वाट्याच्या मोजल्या. राहिलेल्या जुड्या मी बांधून ठेवल्या, कारण भाजी न्यायला गाडी यायची वेळ झाली होती.

दुपारी ते जेवायला आले नाहीत. ताट नेऊन ठेवलं, ते झाकलेलंच परत आणलं. संध्याकाळी शलाकाला फोन केला आणि तिलाही सांगितलं, भावजींकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे म्हणून.  ती म्हणाली, आई, मी तुमच्यासाठी महिन्याला पैसे पाठवत होते ना गं? पाठवत होती. ते आपण मुदत ठेवीत घालत होतो, तिच्याच नावाने. मी हे सांगितल्यावर ती रडायला लागली आणि मग मीही. फोन कुणी ठेवला ते आठवत नाही.

त्या दिवशी मला भीती वेगळीच होती. आता हा माणूस रागाच्या भरात काय करेल? जेवण सोडलंय, बोलणं सोडलंय, दादा मनातून उतरलाय. गोळी घ्यायला माणसाला जगायची थोडी तरी इच्छा लागते, आणि मी त्यांच्या हातातली तीच काढून घेतली की काय, असं वाटत राहिलं. मी तुमच्यावर मनातल्या मनात ओरडले. या वयात मला हे असं काम देऊन गेलात! चाळीस वर्षांत तुमच्यावर इतकी कधी रागावले नव्हते. आणि रागावले तेव्हाच कळलं की तुम्ही गेल्यापासून मी नीट रागावलेही नव्हते, नुसती भीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मागच्या दाराची कडी वाजली. भावजी उभे होते, हातात नवं पाकीट. खिडकीतलं धुळीचं नव्हे, नवं विकत आणलेलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी द्या." मी पेला दिला. त्यांनी गोळी काढली, मला दिसेल अशी तळव्यावर धरली, तोंडात टाकली आणि पाणी प्यायले. अख्खी. मी भिंतीला टेकले. मला वाटलं, झालं, आता जातील. पण ते गेले नाहीत.

"आता तुमची," म्हणाले.

मी म्हटलं, माझी कसली? म्हणाले, थायरॉइडची, मला माहीत आहे. मी म्हटलं, आजचा दिवस नाही. ते तसेच बघत राहिले, आणि मला ऐकू आलं की मी काय बोलले. अहो, ती गोळी मी एक दिवसाआड घेते. तुम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. थकवा येतो तर वयाचा येतो असं समजायचे, आणि डबी दोन महिने पुरायची. तुम्ही खताचं सांगितलंत तेव्हा मी तुमच्याशी चार दिवस भांडले, आणि माझं हे त्याआधीपासून चालू होतं.

ते दाराच्या चौकटीला खांदा लावून उभे राहिले. मी आत जाऊन डबी आणली आणि त्यांच्यासमोर गोळी घेतली. मग ते पायऱ्या उतरून वाडीत गेले.

तेव्हापासून रोज हेच. सातला येतात. पेला घेतात, गोळी घेतात, मी घेईपर्यंत उभे राहतात आणि जातात. जेवायला आता येतात, पण खाली मान घालून जेवतात. मीठ लागलं तर उठून स्वतः घेतात. तुमच्या फोटोसमोरून जाताना तिकडे बघत नाहीत. शेजारणीने विचारलं, भावजी गप्प गप्प का हो? मी म्हटलं, भाऊ गेलाय त्यांचा.

पंप बंद झाला की अजूनही मी मागच्या दारात जाते, ते केळीत उभे दिसले की परत येते. हे आता जन्मभर चालणार, त्याला इलाज नाही. तुमच्यावरचा राग संपलेला नाही, माझ्यावरचा तर नाहीच. पण रोज सातला कडी वाजेपर्यंत मी कान लावून बसते, आणि वाजली की निदान त्या दिवसापुरता श्वास सुटतो.

आज सकाळी मी गोळी घेतली, पाणी प्यायले, पेला खाली ठेवला. तरी ते गेले नाहीत.

"तोंड उघडा, वहिनी," म्हणाले.

त्या पहिल्या दिवसानंतर माझ्याशी बोललेले तेवढे तीन शब्द. मी तोंड उघडलं.